सुंदरानंदांचे मेज

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासावर चार पाने लिहावयास सांगितली, की त्याची लेखणी आपोआप तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा इंदूरकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. आपले पूर्वज जेथे गेले आणि रुजले, तेथील मातीची ओढ आपल्याला वाटणारच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ना कोणी राजा, ना किल्ला, ना ताम्रपट. विषय आहे एक लाकडी मेज. तंजावरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, पाँडिचेरीलगतच्या ऑरोव्हिलमध्ये, ‘युनिटी पॅव्हेलियन’ नावाच्या वास्तूतील शांतिकक्षात ते ठेवलेले आहे. दक्षिणेच्या यात्रेला निघालेली आपली कुटुंबे पाँडिचेरीला उतरतात, आश्रमात समाधीचे दर्शन घेतात, ऑरोव्हिलला जाऊन मातृमंदिराचा सोनेरी गोल दुरून पाहतात आणि संध्याकाळच्या आत चिदंबरमची वाट धरतात. हे मेज पाहिल्याचे त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मी अद्याप ऐकलेले नाही.

मेजाचे वर्णन दोन-चार वाक्यांत करता येते. अक्रोडाच्या एकाच खोडातून एकापाठोपाठ एक कापून काढलेल्या दोन प्रचंड फळ्या, पुस्तक उघडून ठेवावे तशा, एकमेकींशेजारी मांडलेल्या आहेत. एका पानावर जी रेघ, जी गाठ, जे वळण, तेच दुसऱ्या पानावर आरशात पाहावे तसे उलटे उमटलेले. बाहेरच्या कडा करवतीने सरळ केलेल्या नाहीत. झाड जेथे संपले तेथे मेज संपते. दोन फळ्या जेथे भेटतात तेथे डमरूच्या आकाराच्या लाकडी खुंट्या आडव्या बसवून त्यांना जखडले आहे. नक्षीकाम नाही, कोरीव वेलबुट्टी नाही, रंग नाही.

‘आशिया खंडासाठी शांतीचे मेज’ म्हणून ते ओळखले जाते. १९९६ मध्ये ते येथे आले. ज्यांच्या मनात त्याची कल्पना प्रथम उपजली ते जॉर्ज नाकाशिमा, अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे काष्ठशिल्पी, त्यापूर्वी सहा वर्षे निवर्तले होते. पण पाँडिचेरी हे गाव त्यांना परके नव्हते. साठ वर्षांपूर्वी ते येथे येऊन राहिले होते, आश्रमाचे साधक झाले होते, आणि खुद्द श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिले होते. खाट, मेज, खुर्ची यांचे आराखडे त्यांनी प्रथम काढले तेही याच गावात. म्हणून हे मेज परदेशातून आलेली भेटवस्तू आहे असे मला वाटत नाही. येथून गेलेले काही तरी फार मोठा वळसा घालून परत आले आहे, आणि त्या वळशाची हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नाकाशिमांचा जन्म १९०५ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील स्पोकेन या गावी झाला. आईबाप जपानमधून येऊन स्थायिक झालेले. तो सारा मुलूख डोंगरांचा आणि उंचच उंच सूचिपर्णी अरण्यांचा. मुलगा बालवीर पथकाबरोबर त्या अरण्यांत भटकत मोठा झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने आधी वनशास्त्राचा अभ्यास धरला आणि मग तो वास्तुशास्त्राकडे वळला. पुढे फ्रान्समध्ये काही काळ शिक्षण, मग बोस्टननजीकच्या सुप्रसिद्ध एम. आय. टी. या संस्थेची वास्तुशास्त्रातील वरची पदवी. इतके झाल्यावर एखाद्याने कार्यालय थाटले असते. परंतु जागतिक मंदीचे ते दिवस होते. या तरुणाने आपली मोटार विकली, जगाच्या प्रदक्षिणेचे आगबोटीचे तिकीट काढले आणि तो निघाला. पॅरिसमध्ये काही काळ राहून, उत्तर आफ्रिका पाहून, तो आपल्या पूर्वजांच्या देशात, जपानमध्ये पोहोचला आणि १९३४ च्या सुमारास टोकियोत अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कार्यालयात नोकरीस लागला. रेमंड मूळचे बोहेमियातील, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचे. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन स्थपतीबरोबर टोकियोच्या इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी ते जपानला आले आणि तेथेच राहिले.

येथे पाँडिचेरीचा संबंध येतो. श्रीअरविंद आश्रमातील साधकांची संख्या वाढत होती आणि त्यांच्या निवासासाठी एक इमारत हवी होती. श्रीमाताजींनी ते काम रेमंड यांच्याकडे सोपविले. पैशाचा ओघ आला तो हैदराबादहून. निजामाच्या दरबारातील सर अकबर हैदरी, ज्यांचा जन्म आपल्या मुंबईतला, त्यांनी त्यासाठी मदत मिळवून दिली. हैदराबादच्या ऋणाची आठवण म्हणून इमारतीला ‘गोलकोंड’ हे नाव पडले. गोवळकोंड्याचे ते फ्रेंच रूप. १९३७ मध्ये रेमंड यांनी प्रत्यक्ष जागेवर देखरेख करण्यासाठी आपला सहायक नाकाशिमा याला पाँडिचेरीला धाडले. वय बत्तीस. जोडीला फ्रांटिशेक सॅमर हा चेक स्थपती होता. त्याने पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केलेले होते.

गोलकोंडविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या इमारतीचे नाव आपल्याकडे अजून म्हणावे तितके कोणास ठाऊक नाही. चंडीगडचा पाया घातला जाण्याच्या दशकाहून अधिक काळ आधी, परतंत्र हिंदुस्थानातील फ्रेंच वसाहतीच्या एका गल्लीत, सलोह काँक्रीटची ही तीन मजली इमारत उभी राहू लागली. तिला उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे भिंतच नाही. भिंतीच्या जागी वरपासून खालपर्यंत आडव्या, फिरत्या झडपांच्या रांगा आहेत; हव्या तितक्या उघडाव्या, हव्या तितक्या मिटाव्या. वाऱ्याला वाट मिळते आणि उन्हाला मिळत नाही. छतावर कमानदार काँक्रीटच्या पाकळ्यांचे दुसरे छप्पर आहे आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत हवा खेळती राहते. खोल्यांची दारे सागवानी, सरकती, पट्ट्यापट्ट्यांची. एकान्तही राहतो आणि वाराही. जमीन काळ्याभोर कडाप्प्याची. ज्या सागरकिनाऱ्यावर मे महिन्यात अंगाला कपडा चिकटतो, तेथे पंख्यावाचून राहता यावे अशी ही योजना १९३० च्या दशकात झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची थोरवी कळते.

दारांच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या कशा झाल्या ते तर अवश्य सांगण्यासारखे आहे. साधकांनी आपापली जुनी पितळी भांडी आणून दिली, ती आश्रमातच वितळविली आणि त्या रसातून हे सारे सामान ओतले गेले. कोणाच्या घरचा तांब्या, कोणाच्या आईचे पातेले आज त्या दारांवर कडी होऊन बसले असेल. बांधकामावर साधकांनी स्वतः मोठ्या संख्येने हात चालविले. घाई कोणालाच नव्हती. काम हीच साधना मानल्यावर घाई करण्याचे कारण उरत नाही. पुढे महायुद्ध आले आणि मालाची टंचाई झाली, तेव्हा काम आणखी रेंगाळले आणि पुरे व्हायला वर्षे लागली.

तरुण नाकाशिमांच्या मनावर याचा जो परिणाम झाला तो त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नमूद केला आहे. त्यांनी आश्रमाकडून वेतन घेणे नाकारले; आपण देतो त्याहून येथे आपल्याला अधिक मिळते, असे त्यांना वाटले. पांढरी वस्त्रे, सामुदायिक भोजन, दिवसभर बांधकाम, असे त्यांचे जीवन सुरू झाले. ‘सुंदरानंद’ नावाचा अर्थ आपल्याला फोड करून सांगावा लागत नाही. इमारत जशी वर चढली तसे तिच्या खोल्यांसाठी सागवानी सामान लागणार हे उघड झाले, आणि ते आराखडे करण्याचे काम त्यांच्याकडे आले. जगाला पुढे ज्यांची ओळख काष्ठशिल्पी म्हणून झाली त्यांच्या हाताला लाकूड प्रथम लागले ते असे.

मराठी वाचकांसाठी एक विषयांतर करतो. श्रीअरविंदांची पाँडिचेरी आपण बंगालशी जोडतो. परंतु तिच्या मागे बडोद्याचे एक लांबलचक प्रकरण आहे. १८९३ पासून १९०६ पर्यंत ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते आणि मराठीही शिकले होते. सुरतेची काँग्रेस मोडल्यानंतर १९०८ च्या जानेवारीत बडोद्यास त्यांनी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली एकान्तात बसून मन निःस्तब्ध करण्याचा अभ्यास केला, ते विष्णु भास्कर लेले हे महाराष्ट्रीय योगी. आणि काम करता करता देव सापडतो ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. मळ्यात राबणारे सावता माळी आणि चाकावर बसलेले गोरोबाकाका आपल्या घरच्या भिंतीवर आहेत. टोकियोहून आलेल्या जपानी-अमेरिकन स्थपतीने पाँडिचेरीत जे अंगीकारले, ते आळंदी-पंढरीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. असो.

१९३९ मध्ये नाकाशिमा पाँडिचेरीहून निघाले. युद्धाचे ढग जमत होते. जपानमार्गे ते अमेरिकेत परतले, १९४१ मध्ये मॅरियन ओकाजिमा या जपानी वंशाच्याच तरुणीशी त्यांचा विवाह झाला, आणि सिएटल येथे एका ख्रिस्ती संस्थेच्या आवारात त्यांनी लहानसे सुतारकाम सुरू केले. १९४२ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव मीरा. पाँडिचेरीच्या श्रीमाताजींचे मूळ नावही मीराच.

याच वर्षी आभाळ कोसळले. पर्ल हार्बरवर जपानने केलेल्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जपानी वंशाच्या माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले होते. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक आदेश काढला आणि त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे, दुकाने, शेते सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतले बहुसंख्य लोक अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. आरोप नाही, चौकशी नाही, खटला नाही. बरोबर नेता येईल तेवढेच सामान घ्यायचे. नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मीरा यांची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका येथील छावणीत झाली. वाळवंटी माळ, लाकडी बराकी, उन्हाळ्यात धूळ आणि हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी.

सरकारी आदेशाची भाषा कशी असते हे मला आयुष्यभराच्या नोकरीमुळे ठाऊक आहे. तिच्यात माणूस दिसत नाही, संख्या आणि वर्ग दिसतो. मिनिडोकाच्या कागदपत्रांत नाकाशिमा हे एक कुटुंब क्रमांक होते. पण त्याच छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. हे जपानमध्ये परंपरागत पद्धतीने तयार झालेले सुतार. जपानी सुतार करवत आणि रंधा स्वतःकडे ओढून चालवतो, पुढे ढकलून नव्हे. खिळ्यावाचून सांधा जुळवितो. पटाशीला धार लावण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वेळ वाया गेला असे मानत नाही. छावणीत लाकूड कोठून येणार? बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची वेडीवाकडी झुडपे. त्यांतूनच या दोघांनी बराकीतील राहणे सुसह्य करणाऱ्या वस्तू बनविल्या. एम. आय. टी.चा पदवीधर स्थपती शिकाऊ पोऱ्या झाला आणि हिकोगावा उस्ताद. फळीत दोष असेल तर फळी टाकून द्यायची नाही, दोष पाहून वस्तू योजायची, हा धडा त्यांना मिळाला तो या टंचाईत.

एखाद्याला येथे नियतीची योजना दिसेल. मला तसे लिहिण्याचा धीर होत नाही. छावणीने नाकाशिमांना कला दिली असे म्हणणे म्हणजे तारेच्या कुंपणाचे आभार मानणे होय. कला दिली ती हिकोगावांनी. कुंपण नसते तरी ते दोघे कोठे ना कोठे भेटू शकले असते, आणि हिकोगावांचे स्वतःचे आयुष्य त्या कुंपणाने काय केले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१९४३ मध्ये सुटका झाली तीही जुन्या ऋणानुबंधाने. गोलकोंडवाले रेमंड आता अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप या गावी शेतीवाडी करून होते. त्यांनी आपल्या शेतावर काम देण्याची हमी घेतली, आणि नाकाशिमा कुटुंब तेथे आले. काम कसले, तर कोंबड्या सांभाळण्याचे. गोलकोंडच्या स्थपतीला ते जमले, पण फार काळ नव्हे. जवळच त्यांना थोडी जमीन मिळाली, मोबदला पैशात नाही तर श्रमांत द्यायचा होता. त्या उतारावर त्यांनी स्वतःच्या हातांनी आधी कार्यशाळा आणि मग घर उभारले. चांगले निवडक लाकूड विकत घेण्याची ऐपत नव्हती. वखारीत इतरांनी नाकारलेले तुकडे, भेगाळलेले, गाठींचे, वाकडे, तेच त्यांच्या वाट्याला येत. भेग पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर डमरूची खुंटी बसवावी. वाकडी कड सरळ करण्यात लाकूड वाया जाते, म्हणून ती तशीच ठेवावी. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे त्यांची ओळख झाली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मिरवू लागली.

नाकाशिमांच्या कामाचे तंत्र समजल्याशिवाय ऑरोव्हिलचे मेज कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. सामान्यतः सुतार वखारीतून फळ्या घेतो. त्या कोणत्या झाडाच्या, कोणत्या क्रमाने निघाल्या, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नाकाशिमा अख्खे खोड विकत घेत आणि ते करवतीखाली जाताना स्वतः उभे राहत. खोडाच्या पोटात काय आहे हे बाहेरून दिसत नाही. पहिला काप कोठून आणि कोणत्या दिशेने घ्यायचा, फळी किती जाड ठेवायची, हा निर्णय क्षणाचा. आणि चुकला तर दोन-तीनशे वर्षे वाढलेले झाड वाया. त्या कामाला ते हिरे कापण्याची उपमा देत. कापलेल्या फळ्या मग खोडात होत्या त्याच क्रमाने रचून ठेवायच्या, मध्ये बारीक पट्ट्या घालून, वारा लागेल अशा. लाकूड सावकाश वाळू द्यावे लागते. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानंतरही काही फळ्या वर्षानुवर्षे भिंतीशी उभ्या असत. कोणत्या फळीचे काय व्हायचे ते ठरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. १९८१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘वृक्षाचा आत्मा’ अशा अर्थाचे आहे. त्यात त्यांनी तोडलेल्या झाडाला दुसरे आयुष्य देणे हे आपले काम मानले आहे.

आणखी एक गोष्ट. आयुष्याच्या बहुतेक काळात त्यांनी आपल्या वस्तूंवर स्वतःचे नाव घातले नाही. मेजाच्या खालच्या बाजूला शाईने नाव असे ते गिऱ्हाइकाचे. ज्याच्या घरात ते मेज जाणार त्याचे. सरकारी निवासस्थानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक परिचित आहे. बदलीच्या वेळी यादीशी तो जुळला म्हणजे झाले. त्या क्रमांकात आणि या नावात काय अंतर आहे ते मी सांगायला नको. आमच्या घरचा शिसवी पाट आजोबांच्या वेळी गावच्या सुताराने केला, तो माझ्या पाच बदल्यांत ट्रकमधून चार राज्ये हिंडून आला. त्यावर सुताराचे नाव नाही, पण आजोबांचे आहे.

कीर्ती वाढली तशी मागणी वाढली. १९७३ मध्ये रॉकफेलर कुटुंबातील नेल्सन रॉकफेलर यांनी एका घरासाठी दोनशेहून अधिक वस्तू मागविल्या. १९८३ मध्ये जपानच्या सम्राटांकडून सन्मान मिळाला. आपण धर्माने कोण असे विचारले तर नाकाशिमा स्वतःला हिंदू, कॅथलिक, शेकर, जपानी आणि अमेरिकन असे एका दमात सर्व काही म्हणवून घेत. शेकर म्हणजे अमेरिकेतील एक विरक्त ख्रिस्ती पंथ, ज्याचे साधे लाकडी सामान प्रसिद्ध आहे. त्या यादीत ‘हिंदू’ पहिला येतो, हे लक्षात असू द्यावे.

भारताशी संबंधही तुटला नव्हता. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला होता आणि त्यात आपल्या साध्या लोट्याचे तोंडभरून कौतुक केले होते. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिला आकार दिला. १९६४ मध्ये नाकाशिमा तेथे आले, आणि त्यांच्या आराखड्यांवरून संस्थेच्या कार्यशाळेत भारतीय कारागिरांनी भारतीय लाकडात खुर्च्या, मेजे, बाके तयार केली. अहमदाबादेत आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे. त्या काळच्या एखाद्या घरात अशी खुर्ची आजही वापरात असेल आणि तिच्यावर रोज वर्तमानपत्र वाचले जात असेल तर मला नवल वाटणार नाही. परदेशातील लिलावांत मात्र त्या अहमदाबादी वस्तूंना आता भारी बोली लागते.

चंडीगडचे याहून बोलके उदाहरण आहे. पिएर जानरे यांच्या आराखड्यांवरून सरकारी कार्यालयांसाठी केलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या मोडकळीस आल्या म्हणून निर्लेखित होऊन भंगाराच्या भावाने गेल्या, आणि पुढे युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांची किंमत लाखांत झाली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी आणली. निर्लेखन समितीवर बसलेल्या माणसाला मी दोष देत नाही. खुर्चीचे तीन पाय शाबूत आहेत की चार, एवढेच त्याला विचारलेले असते. ती कोणी केली, हा रकाना नमुन्यात नसतो.

आता मेजाकडे वळू. १९८४ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, नाकाशिमांच्या हाती अक्रोडाचे एक अतिप्रचंड खोड आले. इतके मोठे आणि इतके निर्दोष खोड त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. ते कापून त्यातून वीस-पंचवीस धनिकांची जेवणाची मेजे सहज झाली असती. त्यांनी ठरविले की याच्या फळ्या तोडायच्या नाहीत, त्यांच्या पुऱ्या आकारात वापरायच्या. आणि पृथ्वीच्या प्रत्येक खंडावर एकेक शांतीची वेदी ठेवायची, जिच्याभोवती कोणत्याही धर्माची, कोणत्याही देशाची माणसे येऊन बसतील. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसल्याचा तो काळ. पहिली वेदी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या भव्य कॅथीड्रलमध्ये १९८६ च्या अखेरच्या रात्री समर्पित झाली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने छावण्यांबद्दल कायद्याने जाहीर क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले. दोन वर्षांनी, १५ जून १९९० रोजी, नाकाशिमांनी देह ठेवला.

बाकीच्या खंडांचे काम कन्येवर आले. छावणीत तान्ही असलेली मीरा आता वास्तुशास्त्र शिकून वडिलांच्या कार्यशाळेत वीस वर्षे काम केलेली होती. वडील गेल्यावर अनेकांना वाटले की आता कार्यशाळा बंद पडेल. आलेल्या मागण्या काहींनी मागे घेतल्या. मीरा नाकाशिमा यांनी ती बंद पडू दिली नाही. १९९५ मध्ये रशियासाठीचे मेज मॉस्कोला पोहोचले. १९९६ मध्ये आशियाचे.

आशियासाठी जागा कोणती निवडावी हा प्रश्न होता असे मला वाटत नाही. टोकियो होते, पूर्वजांची भूमी होती, क्योटोत तर नाकाशिमांनी स्वतः एक चर्च बांधले होते. हिरोशिमा हे नाव कोणालाही आधी सुचले असते. परंतु मेज आले ते सुंदरानंदांच्या गावी. तेथे वेदी हा शब्द गळून पडला आणि ‘मेज’ एवढेच राहिले, हेही मला बरे वाटते. मेजाभोवती बसता येते.

लाकूड पुरते मरत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. आणि बंगालच्या उपसागराकाठच्या दमट हवेत तर ते बारा महिने हलत असते. न्यू होपच्या कोरड्या थंडीत वाळलेल्या त्या फळ्यांना ही हवा वेगळी. डमरूच्या खुंट्या तेथे शोभेला नाहीत. दोन फळ्यांना हलू द्यायचे आणि तरी एकमेकींपासून दूर जाऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम आहे.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी: युनिटी पॅव्हेलियन ऑरोव्हिलच्या आंतरराष्ट्रीय विभागात आहे. मातृमंदिर पाहून झाल्यावर तासभर राखून ठेवावा, आणि जाण्याआधी तेथील चौकशी कक्षात वेळ विचारून घ्यावी. गोलकोंड पाँडिचेरी शहरात आहे, पण ते आजही निवासस्थान आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आत जाण्यास आश्रमाची परवानगी लागते. ती न मिळाल्यास रस्त्यावरून झडपांची ती लांबच लांब रांग तरी पाहून यावी. दुपारी तीनच्या सुमारास, समुद्रावरचा वारा सुरू झाला म्हणजे, काही झडपा उघडलेल्या आणि काही मिटलेल्या दिसतील. ज्याने त्याने आपापल्या खोलीत हवी तशी फिरविलेल्या.